आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षातल्या भाचीस

दौंड

चि. भाचेबाई,


रात्री अडीच वाजता धाडलेलं तुझं लांबलचक पत्र सकाळी चहाबरोबर वाचलं. ताईला यातलं अवाक्षर सांगितलेलं नाही, निश्चिंत राहा. कॉलेज सोडू का, असं तू विचारलंस. पण वाचताना जाणवलं की सोडायचं तू जवळजवळ ठरवलेलंच आहेस आणि घरात आपल्या बाजूने बोलणारा एक माणूस शोधते आहेस. तो मी होईन. मात्र त्याआधी माझी एक अट आहे, ती पुढे येईलच.

तुझ्या तक्रारी बहुतेक खऱ्या आहेत, हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे ‘मामा पण त्यांच्यातलाच’ म्हणून पत्र मिटून ठेवणार नाहीस. दर सेमला नवे व्हिजिटिंग सर येतात आणि मागच्यांनी शिकवलेलं पुसायला लावतात. स्लॅबमध्ये लोखंड कुठे बसतं ते अजून कुणी साइटवर नेऊन दाखवलेलं नाही. प्लॉटिंग आणि माउंट बोर्डात मेसचे पैसे गेले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शीटवर लाल पेनने फुली मारली, ‘कन्सेप्ट काय?’ म्हणून विचारलं आणि तू तोंड उघडायच्या आत फोन घेतला. ही वागणूक वाईटच. असं झाल्याशिवाय आर्किटेक्ट घडत नाही, आम्हीही यातूनच गेलो, असं ऐकवणारे तुला पुष्कळ भेटतील. त्यांचं मनावर घेऊ नकोस. सासूने छळलं म्हणून सुनेला छळायचं, तसलाच तो हिशेब आहे.

बाहेरच्या परीक्षकांपुढे काम मांडायच्या या ज्युरीचा थोडा इतिहास सांगतो, म्हणजे तिची धास्ती जरा उतरेल. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या एकोल दे बोझारमध्ये मुदत संपली की मुलांची चित्रं गोळा करायला हातगाडी फिरे, आणि काही जण गाडीबरोबर धावत शेवटच्या रेघा मारत. तुमच्या नाइट आउटचं कूळ ते. पण तिथे परीक्षक दारं लावून चित्रं बघत, विद्यार्थी समोर नसे. त्याला उभं करून चारचौघांत सोलण्याची रीत बरीच नंतरची, विसाव्या शतकात अमेरिकेतल्या कॉलेजांतून रुळलेली. तिथल्याच कॅथरिन अँथनी या बाईंनी १९९१ मध्ये ज्युरीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणारं पुस्तक लिहिलं. सांगायचं इतकंच, की ज्युरी म्हणजे काही वास्तुकलेचा आत्मा नव्हे. ती एक परीक्षापद्धत आहे आणि परीक्षेसारखी ती पार करता येते.

ती कशी पार करायची तेही सांगतो. तू बोलत असताना मैत्रिणीला शेजारी बसवून परीक्षकांचं प्रत्येक वाक्य लिहून घ्यायला सांग. उभ्या माणसाला अपमान तेवढा ऐकू येतो, सूचना ऐकू येत नाही. दोन दिवसांनी तो कागद वाचलास तर त्यात एखादं कामाचं वाक्य निघेल. नाही निघालं, तर कागद रद्दीत. आदल्या रात्री अकराला झोप. अर्धं रेंडर झालेलं शीट चालतं, डोळे मिटणारी मुलगी चालत नाही. आणि इंग्रजीची तुझी अडचण मला ठाऊक आहे. आपला प्लॅन आधी रूममेटला मराठीत सांग : सकाळी कोण कुठून आत येतं, चपला कुठे काढतं, म्हातारं माणूस कुठे टेकतं, पाऊस आला तर काय होतं. ते नीट सांगता आलं की मग त्याची लहान लहान इंग्रजी वाक्यं कर. मराठीतही सांगता येत नसेल, तर भाषेआधी प्लॅन तपासायला हवा.

आता मुख्य गोष्ट. तुझं सगळं पत्र मी पुन्हा वाचलं ते एकाच कारणासाठी. या सेमचा डिझाइन प्रॉब्लेम काय होता? लोणावळ्याजवळच्या डोंगरउतारावर ‘इंटरप्रिटेशन सेंटर’. तिथे कोण येणार? ‘व्हिजिटर्स’. ते कुठले, किती वेळ थांबणार, कशाने येणार, काय खाणार, याबद्दल ना त्या कागदावर काही होतं, ना तुझ्या शीटवर. तुझ्या वैतागाचं मूळ मला तिथे दिसतं. लाल पेनवाले गृहस्थ ही वरवरची जखम आहे. तीन वर्षं तू अशा इमारती काढते आहेस ज्यांत राहणारं कुणी नाही. चांगल्या सरांच्या हाताखाली असतीस, तरी आज ना उद्या याचा कंटाळा आलाच असता.

म्हणून पुढच्या सेमला कॉलेज काहीही देवो, त्यात आपल्या ओळखीचा एक माणूस घुसव. आणि एक प्रॉब्लेम मी देतो. तो शिरूर तालुक्यातलाच आहे, तुझ्या घरापासून तासाभराच्या आतला.

कुकडी आणि डिंभ्याचे कालवे आले, चासकमानचं पाणी आलं आणि कोरडवाहू शिवारात ऊस उभा राहिला. ऊस वर्ष-दीड वर्ष हलत नाही. त्यात सावली, पाणी आणि लपण असतं, म्हणून बिबट्या तिथेच राहतो आणि तिथेच पिल्लं घालतो. ऊसतोड सुरू झाली की पिल्लं सापडतात, हे तू पेपरात वाचतेसच. जुन्नरला माणिकडोहचं निवारा केंद्र त्यासाठीच आहे. आता उसाला लागून असलेलं एक घर घे. दोन गाई, चार शेळ्या, एक शाळकरी मूल. संडास घरापासून वीस पावलांवर. शेतीची वीज बरेचदा रात्री येते, म्हणजे पाणी धरायला माणूस अंधारात बाहेर पडतो. शेळ्या कुडाच्या वाड्यात बांधलेल्या. या घराला आर्किटेक्ट काय देणार?

लगेच जाळीचा बंद पिंजरा काढू नकोस. सगळीकडून जाळी लावलेल्या गोठ्यात वैरण आत न्यायची कशी, शेण बाहेर काढायचं कसं, एप्रिलमध्ये पत्र्याखाली गाय तापली तर दूध किती कमी होतं? संडास घराच्या भिंतीला आणायचा, तर आजी ‘घराला संडास चिकटवला’ म्हणून जेवणार नाही. तिला काय सांगणार? पोर दप्तर घेऊन रस्त्यापर्यंत जातं त्या वाटेच्या दोन्ही बाजूंनी किती ऊस मोकळा ठेवायला शेतकरी राजी होईल, आणि त्यात त्याचं किती टन उत्पन्न जाईल? दिवा कुठे टांगायचा, वीज गेली की तो कशावर चालणार? यात प्लॅन आहे, सेक्शन आहे, मटेरियल आहे, खर्च आहे, आणि चूक झाली तर शेळी जाते. कधी माणूसही. तुमच्या परीक्षकांनी ‘कन्सेप्ट काय’ विचारलं तर बिबट्या म्हणून सांग.

ज्युरीला कदाचित हे ‘गावठी’ वाटेल. वाटू दे. पण तूही उलट्या बाजूला घसरू नकोस. गावातलं म्हणून सगळं शहाणपणाचं, मातीचं म्हणून थंडगार, अशी शीटं हल्ली फार बघतो. या भागात पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटर. म्हणून पूर्वी धाब्याची सपाट मातीची छपरं चालली आणि आता तिथे स्लॅब आला. दर पावसाळ्याआधी धाब्यावर माती पसरून चोपायला घरात माणसं लागतात. ती माणसं रांजणगावच्या एमआयडीसीत शिफ्टला गेली. स्लॅब उन्हाळ्यात भाजून काढतो हे घरमालकाला पक्कं माहीत आहे, तरी तो स्लॅबच मागतो, कारण पुढे-मागे वर मजला चढवायचा आहे. हा माणूस चुकतोय असं गृहीत धरून सुरुवात केलीस, तर तो तुझ्याकडे दुसऱ्यांदा येणार नाही.

तू लिहिलंस की हिस्टरीच्या तासाला ग्रीक खांबांचे प्रकार पाठ करून कंटाळा आला. येणारच. पण तुझ्या तालुक्यात, घोड नदीच्या काठावर इनामगाव आहे, हे त्या तासाला कुणी म्हणालं का? डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या मंडळींनी १९६८ पासून पंधराएक वर्षं तिथे उत्खनन केलं आणि शंभराहून जास्त घरांचे तळ उघडे केले. इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० एवढ्या काळातली शेतकऱ्यांची घरं. मंदिर नाही, राजवाडा नाही. चूल, धान्याचं पेव, चोपलेली जमीन आणि खांब रोवलेले खड्डे. भिंती कुडाच्या, मातीने लिंपलेल्या, त्या कधीच्याच गेल्या. उरलेल्या खड्ड्यांच्या रांगेवरून छप्पर कसं पेललं असेल ते त्यांनी ताडलं.

त्यातली एक गोष्ट मला कॉलेजातल्या कुठल्याही लेक्चरपेक्षा मोलाची वाटते. मधल्या काळात, म्हणजे इ. स. पूर्व १४०० ते १००० दरम्यान, घरं ऐसपैस चौकोनी, ढोबळमानाने रांगेत, मधून बोळ. कुंभार आणि इतर कारागीर वस्तीच्या कडेला, खातेपिते शेतकरी मध्यावर. एक घर पाच खोल्यांचं, शेजारी धान्याचं कोठार. ते गावप्रमुखाचं असावं असा उत्खनन करणाऱ्यांचा अंदाज. नदीचं पाणी वळवून साठवायला बांध आणि चरही होता. मग इ. स. पूर्व १००० नंतर चित्र पालटतं. चौकोनी घरं आटत जातात आणि लहान गोल झोपड्या येतात, तीन-चार-पाच एकत्र, मध्ये सामाईक अंगण. त्याच थरांत गहू कमी होतो आणि शिकारीच्या जनावरांची हाडं वाढतात. पाऊस कमी झाला, शेती बसली, माणसं गरीब झाली, असा त्याचा अर्थ ढवळीकरांनी लावला. दुष्काळ त्यांनी घराच्या आकारावरून वाचला! तुला ‘फॉर्म’ नावाचा विषय तीन वर्षं शिकवताहेत. फॉर्म कशामुळे बदलतो याचं एवढं स्वच्छ उदाहरण मी दुसरं पाहिलेलं नाही.

आणि गळीत हंगामात कुठल्याही साखर कारखान्याभोवती चक्कर मार. ऊसतोड कामगारांच्या कोप्या दिसतील : बांबू वाकवून, वर चटई किंवा ताडपत्री, आत वाकून शिरायचं, बाहेर तीन दगडांची चूल. इनामगावच्या गोल झोपड्यांना जवळजवळ तीन हजार वर्षं झाली आणि हे घर अजून तेवढ्याच जागेत मावतं. यावर भाषण ठोकू नकोस. टेप लाव. आत किती माणसं झोपतात, तान्हं मूल कुठे, बाई अंघोळ कुठे करते, पहाटे किती वाजता चूल पेटते ते लिही. थीसिसला विषय सापडत नाही म्हणून रडणारी मुलं मी पाहतो, तेव्हा या कोप्या आठवतात.

दौंडलाही असंच. तुझ्या लेखी दौंड म्हणजे गाडी बदलायचं ठिकाण. मनमाडचा मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला आणि हे जंक्शन झालं. गावातलं निम्मं बांधकाम रेल्वेच्या हुद्द्यांनी ठरवलेलं आहे. साहेबाचा बंगला, ड्रायव्हरचं क्वार्टर, खलाशाची खोली, प्रत्येकाची व्हरांड्याची रुंदी वेगळी. माणसाचा पगार कळायला त्याच्या पडवीचा खांब मोजला तरी पुरे. इंग्रजांच्या काळातली ही वर्गवारी तुमच्या ‘हाउसिंग’च्या प्रॉब्लेममध्ये वन बीएचके, टू बीएचके म्हणून अजून चालू आहे, फक्त कुणी तसं म्हणत नाही. क्वार्टर्स एकेक करून पडताहेत, म्हणून मोजायची तर लवकर.

मोजणं मोजणं म्हणून मी मागे लागलोय, त्याला आधारही आहे. मुंबईच्या जे.जे. आर्किटेक्चर कॉलेजात विसाच्या आणि तिसाच्या दशकांत क्लॉड बॅटली प्राचार्य होते, मुंबई सेंट्रल स्टेशन ज्यांनी केलं ते. साहेब असूनही त्यांनी मुलांना इथल्या जुन्या इमारती प्रत्यक्ष मोजून कागदावर उतरवायला लावलं. त्या पद्धतीतले दोष कितीही सांग, पण ज्या मुलाने एक जिना पायरी-पायरीने मोजला तो जिना काढताना पुन्हा चुकत नाही. तुमच्या ‘मेजर्ड ड्रॉइंग’च्या सहलीत निम्मा वेळ रील्स काढण्यात जातो, असं तूच मागे सांगितलं होतंस.

साइटवर कुणी नेत नाही, तर तू जा. शिरूरला बोऱ्हाडेमळ्यापासून बायपासपर्यंत कुठेतरी सेंटरिंग ठोकलेलं असतंच. मिस्त्रीला नमस्कार कर, चहा पाज आणि गप्प उभी राहा. ओळंबा, गुण्या, लाइनदोरी कशी धरतात बघ. बारच्या खाली कव्हरचे ठोकळे घातलेत का बघ. बहुतेकदा विटेचा रोडा सापडेल, तो का चालत नाही ते त्याच्याशी वाद न घालता समजून घे. स्लॅबवर पाणी किती दिवस मारतात ते मोज. पहिल्या दिवशी ‘इंजिनिअर मॅडम’ म्हणून हसतील, चौथ्या दिवशी अडलेलं विचारतील. दिवस कमी पडत असतील तर एक सबमिशन बी ग्रेडला जाऊ दे, आभाळ कोसळत नाही.

शिरूरला आर्किटेक्टला कोण विचारतं, नकाशा तर कुणीही काढतो, हे तुझं वाक्य राहिलं. खरं आहे. १९७२ च्या कायद्याने ‘आर्किटेक्ट’ हे बिरुद नोंदणी झालेल्यांपुरतं राखलं, काम राखलं नाही. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानेही तसंच म्हटलं. म्हणजे पदवीच्या कुंपणाआड बसून गिऱ्हाईक येईल ही आशा कुणी धरू नये. आम्हा आर्किटेक्टांकडे लोक येतात ते मंजुरीसाठी. मार्जिन किती सोडायचं, एफएसआय किती मिळेल, नगरपरिषदेत फाइल कुठे अडली. २०२० च्या डिसेंबरात मुंबईसारखे काही अपवाद सोडून राज्यभर एकच बांधकाम नियमावली लागू झाली, ती तुझ्या कॉलेजात कुणी उघडून दाखवली नसेल, तर सुट्टीत माझ्याकडे उघड. कंटाळवाणी आहे. पण त्या नियमांच्या फटीतूनच एखाद्या खोलीला पूर्वेची खिडकी मिळवून देता येते, आणि मंजुरीसाठी आलेला माणूस खिडकी घेऊन परत जातो.

आता सोडण्याबद्दल. बाळकृष्ण दोशींचं नाव तू लिहिलंस. पुण्यात जन्मलेले, घरचा फर्निचरचा धंदा, जे.जे.तलं शिक्षण अर्धं टाकून १९५० मध्ये लंडनला गेले आणि २०१८ मध्ये प्रित्झकर पारितोषिक मिळवलं. सगळं खरं. पण जे.जे. सोडल्यावर ते पॅरिसला ल कॉर्बुझिएच्या ऑफिसात गेले आणि पहिले आठ महिने बिनपगारी राबले, हेही त्यातच आहे. शिवाय तेव्हा १९७२ चा कायदा नव्हता. आणि मला सगळ्यात आवडतो तो पुढचा भाग : ज्यांना कॉलेज पुरलं नाही, त्यांनी १९६२ मध्ये अहमदाबादेत स्वतः वास्तुकलेची शाळा उभी केली, स्टुडिओ मोकळे, एकातून दुसऱ्यात डोकावता येतील असे. शाळेवरचा राग त्यांनी असा वापरला. तू सोडून कुठे जाणार आहेस, हे तुझ्या पत्रात कुठेच नाही. ‘काहीही, पण हे नको’ एवढंच आहे. तेवढ्यावर मी ताईशी भांडायला तयार नाही.

म्हणून माझी अट. हे एक सेम काढ. पासापुरते मार्क मिळव, एखादा विषय राहून केटी लागली तरी चालेल. त्या काळात एक घर, एक कोपी आणि रेल्वेचं एक क्वार्टर, तिन्ही मोजून, हाताने, पेन्सिलने, फर्निचर आणि माणसांसकट काढ. सॉफ्टवेअर नको. तिन्ही कागद समोर ठेवून तुला काहीच वाटलं नाही, आणखी एखादी भिंत मोजावी अशी खाज सुटली नाही, तर तुझा वैताग कॉलेजवरचा नाही, या कामावरचाच आहे असं समजू. मग सोड. मी शिरूरला येऊन ताईला आणि भावजींना सांगेन, फीच्या पैशांचं काय करायचं तेही बघू. उलट, खाज सुटली तर कॉलेजला एक परवाना समज आणि उरलेली वर्षं काढ. शिकणं बाहेर चालू राहील.

आणखी एक. रात्री अडीचला एकटी रडत बसू नकोस. फोन कर. मी उचलतो.

सुट्टीत पुण्याहून थेट घरी जाण्याऐवजी आधी दौंडला उतर. दोन दिवस क्वार्टर्स करू, मग चौफुला-न्हावऱ्यावरून शिरूर, वाटेत इनामगावला वाकडी वाट करून. तीस मीटरची टेप माझ्याकडे आहे. ग्राफ पेपर आणि टूबीच्या पेन्सिली तू आण; इथल्या दुकानात एचबीशिवाय काही मिळत नाही. मामीने तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी करून ठेवली आहे, ती हॉस्टेलवर न्यायला डबा रिकामा आण, मागचे दोन अजून परत आलेले नाहीत.

तुझा,
मामा